मुलीच्या मोबाइलवर ‘ती’ मालिका दिसली, आता काय करू?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. घरी सासूबाई आणि दोन मुलं. मोठी मुलगी साडेसोळा वर्षांची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, आता बेळगावात पीयूसी पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्सला आहे, रोज बसनं जाऊन-येऊन करते. धाकटा तेरा वर्षांचा, आठवीत. गेल्या आठवड्यात तिच्या मोबाइलवर ‘सेक्स एज्युकेशन’ नावाची इंग्रजी मालिका चालू असलेली दिसली. नाव वाचूनच माझे हातपाय गार पडले. पुण्याच्या मावसभावानं पासवर्ड दिलाय म्हणे. विचारलं तर म्हणाली, “आई, कॉमेडी आहे ती. कॉलेजात सगळ्यांनी बघितलीय. तुला वाटतंय तसलं काही नाही त्यात.” मी पाच मिनिटं बघितली आणि बंद केली. धाकटाही मागून डोकावत होता. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर मोबाइल जाईलच, वर कॉलेजही बंद करतील अशी धास्ती वाटते. सासूबाईंना कुणकुण लागलीय. हल्ली मुलगी नेहमीची सकाळची बस सोडून पुढच्या बसनं जाते, पहिला तास चुकतो, कारण विचारलं तर सांगत नाही. या मालिकेमुळंच लक्ष उडालंय का? या वयात ही मालिका बघू द्यावी का, एवढं स्पष्ट सांगा.
एक आई, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, तुम्ही स्पष्ट विचारलंत, तर आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. धाकट्यानं ही मालिका बघू नये. मुलीनं ती आत्ता, एकटीनं, कानात इअरफोन घालून पहिल्या भागापासून शेवटपर्यंत बघावी असंही मला वाटत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं ती ठरवेल. पण तिचा मोबाइल काढून घेऊ नका. आणि तिच्याशी बोलायच्या आधी, घरात कुणी नसेल अशा दुपारी, तुम्ही स्वतः ही मालिका थोडी बघा. कुठला भाग बघायचा ते पुढं सांगते.

तुम्ही पाच मिनिटांत बंद केलीत यात नवल नाही. पहिल्या भागाची सुरुवातच अशी आहे की आपल्याकडच्या कुठल्याही घरात माणसं उठून जातील. मुलगी म्हणते ‘तसलं काही नाही’, आणि तुम्ही तर तसलंच बघितलंत. दोघींचंही खरं आहे, कारण मालिकेत दोन्ही आहे.

मालिका ब्रिटिश आहे. लॉरी नन या लेखिकेनं निर्माण केलेली. जानेवारी २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि २०२३ पर्यंत तिचे चार सीझन झाले. मूरडेल नावाच्या काल्पनिक गावात ओटिस हा सोळा वर्षांचा बुजरा मुलगा राहतो. त्याची आई लैंगिक प्रश्नांवर समुपदेशन करते, तेही घरातच. तिचं बोलणं ऐकून ऐकून ओटिसला बरंच काही माहीत झालेलं असतं. मेव्ह नावाची अतिशय हुशार, पण आईबापांचा आधार नसलेली मुलगी त्याला गाठते आणि दोघं मिळून शाळेतल्या मुलांना पैसे घेऊन सल्ले द्यायला लागतात. हसू येतं ते यातून. मुलांचे प्रश्न मात्र खरे आहेत: माझं शरीर इतरांसारखं का नाही, नाही म्हणायचं कसं, मला जे वाटतं ते वाटणं चूक आहे का.

आता वयाबद्दल. आपल्या देशात २०२१ पासून माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांनुसार ओटीटीवरच्या, म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या इंटरनेटवरून दिसणाऱ्या, प्रत्येक कार्यक्रमावर वयाचा शिक्का असावा लागतो. यू, मग यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि शेवटी ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १३+ पासून वरच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता आलं पाहिजे, आणि ‘ए’ असेल तर बघणाऱ्याचं वय तपासायची सोय हवी, असंही नियम सांगतो. कार्यक्रम सुरू होताना शिक्क्याजवळ नग्नता, भाषा, हिंसा असे शब्द येतात, तेही याच नियमामुळं. ही मालिका ‘ए’ गटातली आहे. अमेरिकेतही तिला टीव्ही-एमए, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असाच शिक्का आहे. तुमच्या मुलीला कुलूप आडवं आलं नाही, कारण ती मावसभावाच्या प्रोफाइलवरून बघते आणि ते प्रोफाइल मोठ्या माणसाचं आहे.

हा शिक्का मला बरोबर वाटतो. एक कारण उघडच आहे, ते तुम्ही पाच मिनिटांत पाहिलंत. दुसरं सहज लक्षात येत नाही. पडद्यावर सोळा वर्षांची म्हणून वावरणारी ही मुलं खरं तर विशीतले नट आहेत. ओटिसचं काम करणारा आसा बटरफील्ड मालिका आली तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि त्याच्या मित्राचं काम करणारा शूटी गात्वा सव्वीसचा. खरोखरची सोळा वर्षांची मुलगी आपला चेहरा, आपलं अंग, आपला धीटपणा यांच्याशी ताडून बघते आणि कमी पडते. तिला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगू शकता.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि ते आपल्या भागातल्या मुलांचं आहे. तुमची मुलगी दहावीपर्यंत मराठीत शिकली. पीयूसीला आल्यावर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सगळं एकदम इंग्रजीत. त्या धक्क्यातून पोरं वर्षभर सावरत असतात. ही मालिका ब्रिटिश मुलांच्या भरभर बोलीत आहे. तिच्यातला शहाणपणा, दुसऱ्याची संमती, माफी मागणं, मैत्रीत दुखावणं, हे सगळं संवादांत आहे. उघडेपणा मात्र चित्रात आहे. संवाद निम्मे कळतात, चित्र पूर्ण कळतं. लंडनमधली सोळा वर्षांची मुलगी जी मालिका बघते आणि तुमची मुलगी जी बघते, त्या दोन वेगळ्या मालिका होतात. त्यात तुमच्या धाकट्यासारखी मुलं तर मोबाइलवर फिरणारे अर्ध्या-एक मिनिटाचे तुकडेच बघतात. तुकडा कापणारा सगळ्यांत धीट जागाच कापतो. मागचं नाही, पुढचं नाही.

पण ताई, आपल्या घरांतला मोठा टीव्ही रोज रात्री काय दाखवतो, तेही एकदा नीट बघा. साडी नेसलेला पुरुष, जाड बायकोवर विनोद, काळ्या मुलीवर विनोद, मेहुणीवर दुहेरी अर्थाचं बोलणं. मराठी असो, कानडी असो की हिंदी, सगळं घर हसतं, आठवीतला मुलगाही हसतो, आणि त्याला कुणी उठून जा म्हणत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवर वाजणाऱ्या काही गाण्यांचे शब्द कागदावर लिहून सासूबाईंना वाचून दाखवता येणार नाहीत, पण त्यावर आपलीच लेकरं नाचतात. अशा विनोदांनी मुलगा शिकतो की बाईचं शरीर ही हसायची गोष्ट आहे, आणि तिथंच बसलेली मुलगी शिकते की आपण ते हसून घ्यायचं असतं. म्हणून कुठलीही विनोदी मालिका मुलांना चालेल का हे ठरवताना मी आधी एक गोष्ट बघते: हसतात ते कुणाला? कमजोर माणसाला, की कमजोर माणसाला छळणाऱ्याला? या कसोटीवर तुमच्या मुलीच्या हातातली मालिका आपल्या कितीतरी कौटुंबिक कार्यक्रमांपेक्षा चांगली उतरते. ‘ए’ शिक्का तिच्या उघडेपणासाठी आहे. तिच्या माणुसकीवर तो काही बोलत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडं येते. मुलगी सकाळची बस सोडते, कारण सांगत नाही.

मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये एमी नावाची मुलगी आहे. हसतमुख, थोडी भाबडी. मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी स्वतः केक करून ती बसनं निघते. गर्दीत एक अनोळखी माणूस तिच्याशी अतिशय घाणेरडं वागतो. ती उतरते आणि शाळेत आल्यावर आपली जीन्स खराब झाली एवढंच सांगते, जणू चिखल उडालाय. मेव्ह तिला पोलिसांकडं घेऊन जाते, तेव्हाही एमीला वाटत असतं की एवढं काय झालं. पुढं मात्र ती बसमध्ये चढूच शकत नाही. लांबची वाट चालत शाळेला जाते आणि कारण कुणाला सांगत नाही. सातव्या भागात ती शेवटी इतर मुलींसमोर रडते. मग एकेक मुलगी आपापली गोष्ट सांगते, कारण प्रत्येकीजवळ एक असतेच. नंतर त्या सगळ्या सकाळी थांब्यावर येऊन उभ्या राहतात आणि तिच्याबरोबर बसमध्ये चढतात. लॉरी नन यांनी हा प्रसंग स्वतःच्या अनुभवावरून लिहिल्याचं सांगितलं आहे. एमीचं काम करणाऱ्या एमी लू वुड हिला २०२१ साली विनोदी भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

तुमच्या मुलीच्या बाबतीत असंच काही झालंय असं मी म्हणत नाही. पुढच्या बसला मैत्रिणी असतील, सकाळची झोप आवरत नसेल. पण मालिकेमुळं लक्ष उडालं या निष्कर्षावर येण्याआधी ही शक्यता मनात असू द्या. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, पासाचे पैसे वाचले, खेड्यातल्या किती घरांना त्याचा आधार झाला ते तुम्ही जाणताच. कॉलेजच्या वेळेला बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये किती रेटारेटी असते, तेही तुम्हाला मी सांगायला नको. त्या गर्दीत मुलींना काय काय सहन करावं लागतं हे आपण दोघींनीही आपापल्या वयात अनुभवलेलं आहे. आणि आपण घरी सांगितलं होतं का? बहुतेक जणींनी नाही सांगितलं. कारण उत्तर ठाऊक होतं: उद्यापासून जायचं नाही.

तुम्हालाही तीच धास्ती वाटतेय, ती पत्रात दिसते. मालिका बघितली म्हणून कॉलेज बंद होईल, असं तुम्हाला वाटतं. मग मुलीला काय वाटत असेल? मोबाइलवर एक मालिका दिसली तरी कॉलेज जाऊ शकतं, तर बसमधल्या माणसाबद्दल सांगितलं तर नक्कीच जाईल, असा हिशेब ती करणारच. गप्प बसणं तिला जास्त सुरक्षित वाटेल. म्हणून मालिकेचा निर्णय नंतर घ्या. त्याआधी तुम्ही आणि मिस्टरांनी दुसरा एक निर्णय घ्यायला हवा आणि तो तिच्यासमोर, मोठ्यानं बोलून दाखवायला हवा: काहीही झालं, काहीही सांगितलंस, काहीही बघितलंस, तरी कॉलेज थांबणार नाही. हे वचन मिळाल्याशिवाय तिला विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला खरं उत्तर मिळायचं नाही.

मिस्टरांना सांगायलाच हवं. तुम्ही एकटीनं हे पोटात ठेवू नका. फक्त कशानं सुरुवात करायची ते ठरवून ठेवा. मालिकेच्या नावानं सुरुवात केलीत तर पुढचं काही ऐकलं जाणार नाही. आधी बसचं सांगा: पोरगी बस सोडतेय, कारण सांगत नाही, मला काळजी वाटतेय. बापाचं काळीज तिथं लगेच जागं होतं. मग कॉलेजच्या वचनाबद्दल बोला. मालिका शेवटी, आणि ती तुम्ही स्वतः बघितलीय हेही सांगा. दिवसभर भट्टीच्या धगीत उभा राहून आलेल्या माणसाशी हे जेवणाच्या ताटावर बोलू नका, सुट्टीचा दिवस बघा.

मुलीशी बोलताना समोरासमोर बसून उलटतपासणी नको. आठवडी बाजाराला जाताना किंवा धुणं वाळत घालताना बोला, नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा मुलं जास्त बोलतात. साधारण असं म्हणता येईल: “तुझी ती मालिका मी बघितली. काही मला बघवलं नाही, ते तू अजून बघू नयेस असं मला वाटतं, अठरा झाल्यावर तुझं तू ठरव. पण त्या बसमधल्या पोरीची गोष्ट मला लागली. आमच्या वेळी पण असं व्हायचं गं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.” आणि गप्प राहा. ती लगेच बोलेल असं नाही. दोन-चार दिवसांनी बोलेल, कदाचित दुसऱ्याच कुणाबद्दल म्हणून बोलेल. मधेच ‘कोण होता, कधी, तू का नाही ओरडलीस’ असं विचारू नका. ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर त्याच बसनं बेळगावला जा, पुढचे काही दिवस गावातल्या दोघी-तिघींनी एकत्र जायचं ठरवा, कंडक्टरला ओळख करून द्या. गंभीर काही निघालं तर ती अठराच्या आतली आहे, त्यामुळं मुलांना लैंगिक छळापासून वाचवणारा २०१२ चा पोक्सो कायदा तिच्या बाजूनं उभा आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, ११२ तातडीच्या मदतीसाठी. हे दोन्ही नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून ठेवाच.

दुसऱ्या सीझनचा तो सातवा भाग तुम्ही बघा असं म्हणते ते यासाठी. तो तिला लावून द्यायची गरज नाही. तुमच्या तोंडून ती गोष्ट मराठीत ऐकली तर तिला जास्त कळेल.

धाकट्याचं प्रकरण वेगळं. त्याला ओरडू नका, पण मोकळंही सोडू नका. पुण्याच्या भाच्याला फोन करून सांगा की मुलांसाठी वेगळं प्रोफाइल कर, त्याची वयोमर्यादा १३+ वर ठेव आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाल. नेटफ्लिक्समध्ये एखादी मालिका नावानं बंद करायचीही सोय आहे. हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे आणि ते त्यानंच करायला हवं, कारण पासवर्ड त्यानंच दिलाय. हे सगळं लपून करू नका, दोघा मुलांना सांगून करा. कुलपानं सगळं अडेल अशी आशा मात्र ठेवू नका, मित्राचा मोबाइल असतोच.

मुलाशी एका गोष्टीवर बोलणं मात्र मला अगदी जरुरीचं वाटतं. पहिल्या सीझनमध्ये एका मुलीचा खासगी फोटो शाळाभर फिरतो. कुणाचा आहे हे उघड होऊन तिची बेअब्रू होणार, एवढ्यात भर सभेत एकेक मुलगी उठते आणि फोटो माझाच आहे म्हणते. आपल्याकडं असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तर उभं राहणारं कुणी नसतं, पुढं ढकलणारे खूप असतात. आठवीतला मुलगा ‘मी काढला नाही, मी फक्त फॉरवर्ड केला’ म्हणतो. अठराच्या आतल्या मुलीचा असा फोटो पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे, हे त्याला आजच माहीत असायला हवं. तक्रारीसाठी सायबर गुन्ह्यांचा १९३० हा नंबर आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही महिला आणि मुलांविषयीची तक्रार करता येते.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा की पहिल्यांदा कावळा शिवला तेव्हा त्यांना कुणी काय सांगितलं होतं. त्या पिढीतल्या बऱ्याच बायकांना वाटलं होतं की आपल्याला मोठा आजार झालाय, आता आपण मरणार. न सांगितल्यानं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. आणि शाळेवर विसंबू नका. केंद्राचा किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी थांबवला होता. आजही दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा बऱ्याच वर्गांत वाचून उरकला जातो. मग मुलं विचारणार कुणाला? मराठी समाजाला हा विषय परका नाही, र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून शेवटच्या श्वासापर्यंत याच कामासाठी मासिक चालवलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. तरी घरात शब्द फुटत नसेल तर कर्नाटकात सरकारी दवाखान्यांत दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी ‘स्नेह क्लिनिक’ असतं, तिथं समुपदेशक फुकट बोलतात. तालुक्याच्या दवाखान्यात वार आणि वेळ विचारून घ्या, मुलीला सोबत करा आणि आत तिला एकटीला जाऊ द्या.

तुमच्या मुलीला यातलं काही पटलं नाही, मालिका अठराच्या आधीच बघायला हवी असं तिचं म्हणणं असेल, तर तिनं स्वतः मला लिहावं. तिच्या पत्राचं उत्तर तिलाच देईन. नाव, गाव, कॉलेज काही छापलं जाणार नाही.